काचेआडचं नाव

इसवी सन १५९८. त्या वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला असं आपण मानतो. दर वर्षी त्या दिवशी सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते.

त्याच वर्षी, तिकडे इंग्लंडमध्ये, जेन बॉस्टॉक नावाच्या एकीनं एका लिननच्या कापडावर भरतकाम पूर्ण केलं. त्यावर अक्षरमाला आहे, कुत्रा आहे, हरीण आहे, वेलबुट्टी आहे. आणि मध्येच एक नोंद आहे: अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी, दुपारी झाला. सोबत जेननं स्वतःचं नाव आणि वर्षही भरलंय. हे कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. वर्ष घातलेला ब्रिटनमधला हा सगळ्यात जुना भरतकामाचा नमुना समजला जातो.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. जिजाऊंचं नाव राहिलं ते इतिहासातल्या त्यांच्या जागेमुळे. अ‍ॅलिसचं आणि जेनचं नाव मात्र एका कापडामुळे राहिलं. मंगळवार दुपारपर्यंतचा तपशील एका सुईनं चारशे वर्षं सांभाळला.

आता सिंदखेडराजा तालुक्यातल्याच दुसरबीडला येऊ. जालना-मेहकर रस्त्यावरचं हे गाव जिल्ह्यात ओळखलं गेलं ते जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे. इथल्या जुन्या घरांत, समोरच्या खोलीत, छताच्या जरा खाली, पुढे झुकलेल्या अशा काही फ्रेमा असतात. काचेच्या आत कापड, कापडावर फुली टाक्यानं भरलेले दोन हंस किंवा समोरासमोर बसलेले पोपट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नाव. माझ्या पिढीनं या फ्रेमा लहानपणापासून पाहिल्या, पण वाचल्या कधीच नाहीत. हा लेख त्या वाचायचा प्रयत्न आहे.

भिंतीवर काय काय होतं

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी एक यादी. दारावर लोकरीचं नाहीतर मण्यांचं तोरण. आत गेलं की ‘सुस्वागतम्’ किंवा ‘वेलकम’. मग गणपती, राधाकृष्ण, ताजमहाल, गुलाबाची परडी, ससा. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रेडिओवर झालर, पाण्याच्या माठावर मणी लावलेलं जाळीचं झाकण. आणि हमखास एक चित्र: उतरत्या छपराचं, धुराड्याचं घर, बाजूला कुंपण, समोर तळं.

हे शेवटचं चित्र मला नेहमी कोड्यात टाकायचं. दुसरबीडला उतरत्या छपराची धुराड्याची घरं नाहीत. इथलं जुनं घर म्हणजे माळवद. सपाट, मातीचं, उन्हाळ्यात वर झोपायला बरं. मग ते धुराड्याचं घर आमच्या भिंतीवर आलं कुठून?

ते आलं युरोपातून, कागदावर बसून. १८०४च्या सुमारास बर्लिनमध्ये एका छापखानदारानं चौकटीच्या कागदावर रंगवलेले भरतकामाचे नमुने विकायला सुरुवात केली. एक चौकट म्हणजे एक टाका. चौकटी मोजायच्या, तेवढे टाके घालायचे, चित्र तयार. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक टाका हा एक पिक्सेल. चित्र काढता येत नसलेल्या माणसालाही चित्र ‘उतरवता’ येऊ लागलं. हे नमुने इंग्लंडमध्ये गेले, तिथून इंग्रजांच्या वसाहतींत गेले, पुस्तकांतून आणि मासिकांतून पुन्हापुन्हा छापले गेले. त्यात युरोपातली घरं, तळी, हंस आणि गुलाब होते. ते तसेच मोजून आपल्याकडे उतरले. मोजणाऱ्या मुलीनं धुराडं पाहिलेलं असो वा नसो, चौकटी बरोबर होत्या.

म्हणजे या फ्रेमा ‘आपली हजारो वर्षांची परंपरा’ वगैरे नाहीत. त्यांचा इतिहास दीड-पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि तो तारखांसकट सांगता येतो.

आधी सुई कुठे दिसायची

याचा अर्थ आपल्याकडे त्याआधी सुई नव्हती असा नाही. गोधडी होती, वाकळ होती. बाळाची कुंची होती, दुपटं होतं. पानसुपारीची चंची होती. दक्षिणेकडे, आजच्या कर्नाटकात आणि सीमाभागात, साडीवर कशिदा भरला जायचा, तोही छापा न काढता, कापडाचे धागे मोजून. बुलढाणा, वाशिम भागातल्या तांड्यांवर बंजारा बायांची कांचळी आणि फेटिया तर आरसे, कवड्या आणि टाक्यांनी भरलेली असायची.

आणि आपल्याकडचं सुईकामाचं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरायचं ते पोळ्याला. बैलाच्या पाठीवरची झूल सगळं गाव बघायचं.

पण यातली प्रत्येक गोष्ट वापरायची होती. अंगावर घालायची, पांघरायची, बैलावर टाकायची. ती फाटायची, विरायची, पुन्हा गोधडीत जायची. नुसतं बघायला म्हणून भिंतीवर लावायचं कापड ही कल्पनाच वेगळी आहे. त्यासाठी आधी भिंत बदलावी लागते.

मातीच्या भिंतीत देवळी असते, कोनाडा असतो, खुंटी असते. देव देवळीत, दिवा कोनाड्यात, पागोटं खुंटीवर. भिंतीवर चित्र टांगायची सवय आपल्याकडच्या साध्या घरांना लागली ती छापील चित्रांमुळे. १८७८मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं स्वस्तात मिळू लागली. १८९४मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला; तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या.

इथे एक गंमत झाली. बायांनी त्या छापील चित्रांवरच सुई चालवली. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि मणी शिवले, कुठे खरं कापडच चिकटवलं, आणि मग काच लावून फ्रेम केली. अशी सजवलेली रविवर्म्याची चित्रं आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. खाली चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. टिकल्या कुणी लावल्या ते बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

शाळेत शिरलेली सुई

भिंत तयार झाली. पण टाके मोजायला शिकवलं कुणी?

सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी बाई १८२७च्या अखेरीस मुंबईत आली. तिनं आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी तिच्याच हाताखाली अध्यापनाचे धडे घेतले, असं सांगितलं जातं. १८२९मध्ये स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि भरतकाम असायचं. युरोपात मुलीला अक्षरं शिकवायची ती कापडावर भरून, ही जुनी पद्धत होती. जेन बॉस्टॉकच्या कापडावरची अक्षरमाला आठवा.

आपल्याकडे मात्र सुईचा उपयोग दोन वेगळ्या कामांसाठी झाला.

पहिलं काम, पालकांची समजूत काढणं. मुलगी शाळेत जाऊन बिघडते, ही भीती घरोघरी होती. तिनं शाळेतून भरलेला रुमाल आणला की निदान काहीतरी ‘बाईचं काम’ शिकते आहे, एवढा दिलासा मिळायचा. अशा रुमालाच्या आडून पाटीही घरात शिरत होती.

दुसरं काम याच्या अगदी उलट होतं. १८८४मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आजची हुजूरपागा. तिथे मुलींना इंग्रजी आणि गणितासारखे विषय मुलांसारखेच शिकवले जातात, यावर टिळकांच्या गटानं कडाडून टीका केली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं, त्यात शिवणटिपण असावं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे तीच सुई एकीकडे शाळेचं दार उघडत होती आणि दुसरीकडे दाराच्या आत मुलीनं कुठपर्यंत जायचं ती रेघ आखत होती.

तिसराही एक मार्ग होता. १९०९मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन उभं केलं. तिथे शिवणकामाचे वर्ग होते ते विधवा आणि परित्यक्ता बायांना स्वतःच्या पायावर उभं करायला. तिथे सुई हे पोट भरायचं साधन होतं.

पुढे शंभर वर्षं मराठी शाळांत या तिन्ही सुया एकमेकींत गुंतून राहिल्या. १९६४-६६च्या कोठारी आयोगानं ‘कार्यानुभव’ सुचवला. हाताचं काम सगळ्यांनीच शिकावं, असा त्यामागचा विचार होता. खेड्यातल्या कितीतरी शाळांत त्याचा अर्थ साधा झाला: मुलगे वाफे खणतील, मुली रुमाल भरतील. त्या रुमालांतलेच चांगले रुमाल पुढे काचेआड गेले.

कापूस इथला, लडी तिथली

या फ्रेमांतला धागा बघा. पन्नास वर्षांनंतरही त्याला एक चमक असते. तो कुठून आला, ही गोष्ट वऱ्हाडातल्या माणसानं तरी ऐकायला हवी.

बुलढाणा जिल्हा म्हणजे जुना वऱ्हाड. १८५३मध्ये निजामानं तो इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव ही देशातली मोठी कापूस बाजारपेठ बनली. १८७०मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. इथला कापूस गाठींत बांधून मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला.

पण भरतकामाची लडी त्या कापसाची होत नसे. वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. चमकदार, मऊ, न तुटणाऱ्या लडीला लांब धाग्याचा कापूस लागतो. त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते. जॉन मर्सर या इंग्रजानं ती शोधली आणि १८५०मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे धागा ताणून ठेवून हीच प्रक्रिया केली की त्याला रेशमासारखी चकाकी येते, असं लक्षात आलं. फ्रान्समधल्या म्युलूझच्या डीएमसी कंपनीनं असा धागा जगभर विकला. १८८६मध्ये तेरेझ द दियमाँ हिचा भरतकामाचा जाडजूड कोश निघाला, तो अनेक भाषांत गेला. स्कॉटलंडच्या पेझली गावात क्लार्क आणि कोट्स या दोन घराण्यांनी धाग्याचा व्यवसाय उभा केला. त्यांचा ‘अँकर’ छाप पुढे भारतात मदुरा कोट्सच्या नावानं आपल्या ओळखीचा झाला.

दुसरबीडसारख्या गावात ही लडी मिळायची कटलरीच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात. बांगड्या, रिबिनी, टिकल्यांच्या शेजारी. सहा पदरांची लडी, त्यातले दोन किंवा तीन पदर सोडवून सुईत ओवायचे. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर. तो नंबर जपून ठेवायचा, कारण अर्ध्या हंसाला एक पांढरा आणि उरलेल्याला दुसरा पांढरा लागला की ते दुरूनही कळतं.

मोजून भरायचं तर कापड मॅटीचं किंवा दोसुतीचं. साध्या कापडावर भरायचं तर छापा. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. मग साखळी टाका, गहू टाका, काज टाका, गाठीचा टाका. एकीनं पाडलेला छापा आख्ख्या आळीत फिरायचा. म्हणून एकाच गावात तोच मोर सात-आठ घरांत दिसतो, फक्त रंग वेगळे.

शेतात कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलगी त्याच कापसाच्या पैशातून दुसऱ्या कुठल्यातरी कापसाची लडी विकत घ्यायची. सुताच्या त्या लांबलचक व्यवहारात कापड गिरणीचं, धागा कंपनीचा आणि नक्षी बर्लिनची. तिची स्वतःची गोष्ट एकच, वेळ. तोही दुपारचा, कामं आटोपल्यावरचा.

रुखवत: सगळ्यांसमोरचा निकाल

हे सगळं करायचं कशासाठी? घर सजवायला, असं उत्तर सोपं आहे. पण कोणाचं घर?

रुखवत म्हणजे मुळात लग्नात नवरदेवाकडे नेलेलं खाणं. लाडू, करंज्या, चिवडा. विसाव्या शतकात त्याच्या शेजारी मुलीच्या हातच्या वस्तू मांडल्या जाऊ लागल्या, आणि हळूहळू रुखवत म्हणजे त्या वस्तूच असं झालं. मांडवात एक टेबल, त्यावर पांढरी चादर. तोरणं, रुमाल, उशांचे अभ्रे, फ्रेमा. वऱ्हाडातल्या बाया टेबलाभोवती उभ्या राहून कापड उलटं करून बघायच्या.

उलटं करून का? कारण भरतकामाचा खरेपणा मागे कळतो. पुढून सगळेच टाके सारखे दिसतात. मागे किती गाठी आहेत, धागा किती लांब ओढत नेलाय, घाई कुठे झाली, उसवून पुन्हा कुठे भरलंय, हे लपत नाही. मुलगी नीटनेटकी आहे का, चिकाटीची आहे का, याचा निकाल त्या टेबलावर लागायचा, आणि तो मुलीच्या गैरहजेरीत लागायचा. ती तेव्हा आत शालू नेसत असायची.

लग्न ठरवायला पाहुणे यायचे तेव्हाही भिंतीवरच्या फ्रेमेकडे बोट दाखवून सांगितलं जायचं, ‘हे हिनंच केलंय.’ दहावीची मार्कशीट भिंतीवर टांगत नाहीत. ही टांगत होते. सजावट हा तिचा एक उपयोग झाला. तिचं पहिलं काम प्रमाणपत्राचं होतं, आणि ते बघणाऱ्यासाठी होतं.

रोझिका पार्कर या लेखिकेचं १९८४मधलं ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ हे पुस्तक युरोपबद्दल नेमकं हेच म्हणतं: भरतकामानं बाईला ‘बाईपण’ शिकवलं, मान खाली घालून गप्प बसायला शिकवलं, आणि त्याच भरतकामानं तिला स्वतःचं काही करायची, सांगायची एक जागाही दिली. दोन्ही गोष्टी एकाच टाक्यात आहेत. एक ठेवून दुसरी टाकता येत नाही.

कोपऱ्यातलं नाव

आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या घरी अशी एक फ्रेम आहे. दोन हंस, मध्ये कमळ. खाली उजव्या कोपऱ्यात ‘कु.’ आणि पुढे एक नाव. काकूंचं आम्हाला माहीत असलेलं नाव ते नाही. मला वाटायचं, फ्रेम त्यांच्या बहिणीनं दिलेली असेल. एकदा विचारलं तर काकू सहज म्हणाल्या, ‘मीच की रे ती. लग्नाआधीची.’

महाराष्ट्रात अनेक समाजांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती. काही घरांत आजही आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात बोटानं किंवा अंगठीनं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पहिलंही बदलतं. उरतं काय?

सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. माहेरच्या जमिनीवर तिचा वारसाहक्क १९५६च्या कायद्यानं आला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५च्या दुरुस्तीनं मिळाला. पण कितीतरी घरांत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि विषय संपला. मुलांच्या कागदपत्रांवरही तिचं नाव नव्हतं. आईचं नाव लिहिणं महाराष्ट्र सरकारनं सक्तीचं केलं ते १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी. रेशनकार्डावर असेल तर सासरचं नाव.

जन्मल्यावर बारशाला ठेवलेलं, शाळेत हजेरीला पुकारलेलं, मैत्रिणींनी हाक मारलेलं नाव तिच्या सासरच्या घरात एकाच ठिकाणी उरतं. हंसांच्या खाली, काचेच्या आत. कारण भरलेला धागा तांदळासारखा एका हातानं पुसता येत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. या फ्रेमांवर वर्ष असेल तर ते बहुतेक लग्नाच्या आधीचं असतं. लग्नानंतरची फ्रेम क्वचितच दिसते. सुई सुटली असं नाही. ती शर्टाच्या बटणांकडे, फाटक्या परकराकडे, गोधडीकडे, नातवाच्या दुपट्याकडे गेली. त्या कामावर कुणी नाव घालत नाही. काकूंना विचारलं, नंतर का नाही केलं असं काही? त्या म्हणाल्या, ‘नंतर कोणाला दाखवायचं होतं?’

या वाक्याकडे मी दोन बाजूंनी बघतो. एका बाजूनं ते दुखरं आहे. जे काम बघणाऱ्यांसाठी करायला लावलं, ते बघणारे गेल्यावर थांबलं. दुसऱ्या बाजूनं त्यात थोडी सुटकाही आहे. परीक्षा संपली होती.

उतरलेल्या फ्रेमा

गेल्या वीस वर्षांत या फ्रेमा भराभर उतरल्या. कुणी ठरवून उतरवल्या नाहीत.

माळवदं पाडून स्लॅबची घरं झाली. पुट्टी मारलेल्या भिंतीत खिळा ठोकायला घरचेच नको म्हणू लागले. टीव्ही सपाट झाला आणि भिंतीला चिकटला. क्रोशाच्या रुमालाला बसायला जागाच राहिली नाही. ‘वेलकम’ छापलेलं पायपुसणं बाजारात मिळू लागलं. रुखवत रेडिमेड मिळतं, भाड्यानंही मिळतं. मांडायचं, फोटो काढायचे, परत द्यायचं. आणि मुली कॉलेजला, कंपनीला, स्पर्धा परीक्षेला गेल्या. मुलगी कशी आहे हे टाक्यांवरून ठरवायची पद्धत गेली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

त्या फ्रेमा ट्रंकेत गेल्या, काही शेतातल्या कोठ्यावर गेल्या. काच फुटली की कापडाचं फडकं झालं.

आणि आता तीच गोष्ट दुसऱ्या दारानं परत येते आहे. इन्स्टाग्रामवर भरतकामाच्या गोल रिंगा भिंतीवर टांगलेल्या दिसतात. फुली टाक्याचं किट घरपोच मिळतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आजीची गोधडी सोफ्याच्या मागे टांगली जाते, बंजारा कांचळीचा तुकडा फ्रेम करून लावला जातो. छान दिसतं. पण पाहुण्यानं विचारलं, ‘कुणी केलं?’ तर उत्तर येतं, ‘गावाकडचं आहे, जुनं.’

रुखवताच्या टेबलावर निदान ‘हिनं केलंय’ असं म्हणत तरी होते.

दुसऱ्यांनी काय केलं

गुरुसदय दत्त हे बंगालमधले आयसीएस अधिकारी. १९४१मध्ये वारले. नोकरीनिमित्त खेडोपाडी फिरताना त्यांनी बायांनी घरासाठी शिवलेल्या कांथा जमवल्या. कांथा म्हणजे बंगालची गोधडीच, जुन्या साड्यांची. कोलकात्याजवळ जोका इथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथली सगळ्यात गाजलेली कांथा मानदासुंदरी नावाच्या बाईनं आपल्या वडिलांसाठी केलेली आहे. तिनं त्यात नक्षीबरोबर मजकूरही भरला, त्यात स्वतःचं नाव घातलं. मानदासुंदरीबद्दल जगाला जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक त्या कापडामुळे माहीत आहे.

अमेरिकेतल्या अलाबामामध्ये जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्यांचे वंशज. तिथल्या बाया थंडीसाठी जुन्या पँटी आणि शर्टांच्या गोधड्या शिवायच्या. २००२मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. २००६मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तिथे प्रत्येक गोधडीशेजारी ती शिवणाऱ्या बाईचं नाव आणि वर्ष आहे. नाव असल्यामुळे पुढे त्या बाया हक्काचं मानधन मागू शकल्या, त्यासाठी कोर्टातही गेल्या. ‘अलाबामाकडचं, जुनं’ असं लिहिलं असतं तर मागायला कोण जाणार होतं?

आपल्या हंसांना आणि पोपटांना संग्रहालय बोलवायला येईल असं मला वाटत नाही. त्यांची नक्षी उसनी आहे, त्या हजारोंनी झाल्या, बाजारात त्यांना किंमत नाही. त्यांचं संग्रहालय आपल्या घराची भिंतच आहे, आणि त्याचे क्युरेटर आपणच.

लावायची तर अशी लावा

दिवाळीला गावी गेलात तर ट्रंक उघडा. फ्रेम सापडली तर आधी ती घेऊन ज्यांनी केली त्यांच्याजवळ बसा. कुठल्या वर्षी केली, कुठल्या गावी, छापा कुणाचा, लडी कुठून आणली, शिकवलं कुणी, हे विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. उत्तरं सगळी मिळतील असं नाही, पण विचारल्यावर जो चेहरा दिसेल तो बघण्यासारखा असेल.

मग कापडाकडे या. मागच्या पुठ्ठ्यामुळे कापड पिवळं-तपकिरी पडतं. पुठ्ठा काढून आम्लरहित माउंट बोर्ड लावायला सांगा. कापड काचेला टेकू देऊ नका. मध्ये पट्टी घालून फट ठेवा, नाहीतर ओलाव्यानं बुरशी धरते. कापड बोर्डला फेव्हिकॉलनं चिकटवू नका, कडेनं टाके घालून बसवा. धुवायचा मोह झाला तर आधी मागच्या बाजूला ओला पांढरा कापूस टेकवून बघा. लाल आणि काळा रंग सुटायची भीती जास्त. थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका. उडालेला रंग परत येत नाही. फ्रेम बंद करण्याआधी मागच्या बाजूचाही फोटो काढा. गाठींसकट. तिथे तिची दुपार आहे.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सुती पट्टीवर पेन्सिलीनं नाव लिहा आणि ती पट्टी मागे टाका घालून लावा. दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. गाव लिहा, वर्ष लिहा. ती हयात असेल तर तिलाच लिहू द्या. तिला तिची फ्रेम भिंतीवर नको असेल तर तेही ऐका. ती परीक्षा तिची होती, तिची आठवण भिंतीवर ठेवायची की ट्रंकेत, हे तिनं ठरवावं.

काकूंची फ्रेम यंदा आम्ही नवी करून घेतली. नवी काच, नवा बोर्ड, कापड तेच. मागच्या पट्टीवर त्यांनी आधी सासरचं नाव लिहिलं. मग थोडा वेळ थांबून, त्याच्या वर जागा करून, माहेरचं लिहिलं. अक्षर शाळेतलं होतं, गोल, रेघेला धरून.